प्रोटोटाइप म्हणजे नक्की काय? आणि विद्यार्थ्यांनी फसलेल्या प्रयोगांचीही नोंद का ठेवायची?

राहुल पणिक्कर हे इंजिनिअर महाराष्ट्रातल्या एका आईला एक उपकरण दाखवत होते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणारं हे उपकरण. वापरायलाही सोपं. आतली पिशवी ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गरम करायची, बाळाच्या पाठीखाली सरकवायची आणि बाळाला गुंडाळून ठेवायचं.

आईचं उत्तर मात्र अनपेक्षित होतं. इंग्रजी औषधं फार कडक असतात, असं तिच्या गावात मानलं जायचं. त्यामुळे डॉक्टरांनी बाळाला एक चमचा औषध द्यायला सांगितलं, तर ती अर्धाच चमचा द्यायची. तसंच ३७ अंश सांगितलं तर ती साधारण ३० अंशांवर थांबणार होती. निष्काळजीपणा म्हणून नाही, तर बाळाला जपण्यासाठी.

उपकरणात तांत्रिक बिघाड काहीच नव्हता. तरीही ते त्या आईच्या घरात कमी पडलं असतं.

ही गोष्ट उपकरण बाजारात येण्याआधी कळली, कारण दाखवायला हातात एक प्रोटोटाइप होता. आणि आज ती आपल्याला माहीत आहे, कारण ती कुणीतरी नोंदवून ठेवली. टॉम आणि डेव्हिड केली यांच्या 'क्रिएटिव्ह कॉन्फिडन्स' या पुस्तकात हा प्रसंग आला आहे.

महत्त्वाचं म्हणजे या उपकरणाची सुरुवात एका कॉलेजातल्या प्रोजेक्टपासून झाली होती.

इंजिनिअरिंग, डिझाइन, आर्किटेक्चर, पॉलिटेक्निक, अगदी शाळेतलं विज्ञान प्रदर्शनही. 'प्रोटोटाइप' आणि 'रिपोर्ट' हे दोन शब्द सगळीकडे ऐकू येतात. पण प्रोटोटाइप कशासाठी बनवायचा आणि नोंदी कशा ठेवायच्या, हे नीट सांगितलं जातंच असं नाही. ते समजून घेऊया.

प्रोटोटाइप म्हणजे नक्की काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर प्रोटोटाइप म्हणजे कल्पनेचा हातात धरता येईल असा कच्चा नमुना. पण तो म्हणजे 'छोटं किंवा स्वस्त प्रॉडक्ट' नव्हे. प्रॉडक्ट विकण्यासाठी असतं, प्रोटोटाइप काहीतरी शोधून काढण्यासाठी.

त्यामुळे प्रोटोटाइप बनवण्याआधी एक प्रश्न ठरलेला असावा लागतो. हे वजन पेलेल का? हे हातात धरायला जमेल का? हे वापरणाऱ्याला न सांगता कळेल का? प्रश्न बदलला की प्रोटोटाइपही बदलतो.

याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. १९९०च्या दशकात जेफ हॉकिन्स 'पाम पायलट' या खिशात मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर काम करत होते. त्यांनी आधी सर्किट बनवलं नाही. त्या आकाराचा एक लाकडी ठोकळा कापून घेतला आणि तो खिशात घालून फिरायला लागले. कुणाची भेट ठरवायची असली की ठोकळा बाहेर काढायचे आणि त्यावर लिहिल्यासारखं करायचे. ठोकळ्यात वीज नव्हती, स्क्रीन नव्हता. पण त्यांचा प्रश्न इतकाच होता: एवढी वस्तू माणूस रोज खिशात बाळगेल का, आणि तिचा वापर कशासाठी करेल? त्याचं उत्तर लाकडानेही मिळत होतं.

म्हणून प्रोटोटाइपचे ढोबळमानाने तीन प्रकार धरता येतात.

• दिसण्यापुरता: पुठ्ठा, थर्माकोल, माती किंवा थ्रीडी प्रिंट. आकार, पकड आणि वजनाचा अंदाज यासाठी.

• चालण्यापुरता: ब्रेडबोर्डवर वायरींचं जंजाळ असेल, दिसायला ओबडधोबड असेल, पण मुख्य काम होतं की नाही हे सांगेल.

• वापरून बघण्यापुरता: समोरच्या माणसाच्या हातात देता येईल आणि त्याचं वागणं पाहता येईल, असा.

अनेक गट पहिल्याच दिवशी या तिन्ही गोष्टी एकत्र करायला जातात. मग सबमिशनच्या आदल्या रात्री बॉक्स रंगवलेला असतो, आणि आतलं सर्किट चालत नसतं.

प्रश्नच चुकीचा असेल तर?

आता पुन्हा त्या ऊब देणाऱ्या उपकरणाकडे येऊ. त्याचं नाव 'एम्ब्रेस'.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अत्यंत कमी खर्चाची उपकरणं डिझाइन करण्याचा एक कोर्स होता. जेन चेन, लायनस लियांग, नागानंद मूर्ती आणि राहुल पणिक्कर हे त्यातल्या एका गटात होते. त्यांना मिळालेलं आव्हान असं: नवजात बाळांसाठीचा इन्क्युबेटर सुमारे २०,००० डॉलरला पडतो. त्याच्या १ टक्का किमतीत काही करता येईल का?

गटात डॉक्टर कोणीच नव्हतं. इन्क्युबेटर उघडायचा, महागडे भाग काढायचे आणि स्वस्त भाग बसवायचे, हा साहजिक मार्ग होता. कॉलेजातल्या प्रोजेक्टमध्ये बहुतेकदा हेच घडतं.

पण कोर्सचाच भाग म्हणून लियांग नेपाळला गेले. काठमांडूतल्या एका हॉस्पिटलमध्ये त्यांना दिसलं की दान म्हणून आलेले इन्क्युबेटर रिकामे पडून आहेत. बाळांची गरज संपली होती असं नाही. बाळं हॉस्पिटलपर्यंत पोहोचतच नव्हती. अशी बहुतेक बाळं खेड्यांत जन्मत होती आणि वाटेतच, किंवा निघण्याआधीच, जीव गमावत होती.

इथे प्रोजेक्टचा प्रश्न बदलला. 'हॉस्पिटलसाठी स्वस्त इन्क्युबेटर' याऐवजी 'वीज नसलेल्या गावातल्या आईच्या हातात काय देता येईल?' असा नवा प्रश्न तयार झाला.

उत्तरही वेगळं निघालं. छोट्या स्लीपिंग बॅगसारखं एक आवरण आणि त्यात मेणासारख्या पदार्थाची पिशवी. हा पदार्थ शरीराच्या तापमानाच्या आसपास वितळतो. एकदा गरम करून वितळवला की पुन्हा गोठत जाताना तो ४ ते ६ तास सुमारे ३७ अंश तापमान टिकवून ठेवतो.

यामागचं विज्ञान शाळेतलंच आहे. बर्फ पूर्ण वितळेपर्यंत पाण्याचं तापमान शून्यावरच राहतं, हा 'अप्रकट उष्म्याचा' धडा आठवतोय? इथे तोच नियम उलट्या दिशेने वापरला आहे. पदार्थ द्रवातून घन होताना उष्णता बाहेर टाकतो, आणि तोवर त्याचं तापमान जवळपास स्थिर राहतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार नवजात बाळाच्या शरीराचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या दरम्यान असायला हवं. म्हणजे चुकायला जागा अगदी कमी. म्हणूनच आई ३० अंशांवर थांबणार आहे, हे कळणं इतकं मोलाचं होतं.

मग त्या ३७ अंशांचं काय झालं?

अशा वेळी एक सोपा मार्ग असतो. आईला समजावून सांगा, माहितीपत्रक छापा, त्यावर ठळक अक्षरात '३७ अंशच' असं लिहा. थोडक्यात, वापरणाऱ्याला बदला.

गटाने उपकरण बदललं. तापमानाचा आकडाच काढून टाकला आणि त्याजागी 'ठीक आहे' किंवा 'ठीक नाही' एवढंच सांगणारी खूण बसवली. अर्धा चमचा करता येतो, पण 'ठीक आहे' याचं अर्धं करता येत नाही.

प्रयोगशाळेतल्या कोणत्याही चाचणीत ही त्रुटी सापडली नसती. तिथे पिशवी ३७ अंशांपर्यंत गरम होत होती आणि तापमान टिकतही होतं. प्रोटोटाइप त्याच्या खऱ्या जागी, खऱ्या माणसासमोर ठेवला तेव्हाच ती दिसली.

शिक्षण संपल्यावर हा गट बंगळुरूला आला. जेन चेन यांनी २००९ मध्ये म्हैसूरच्या 'टेड इंडिया' परिषदेत हे उपकरण मांडलं तेव्हा त्याची किंमत सुमारे २५ डॉलर असेल असं सांगितलं होतं. २०११ मध्ये ते भारतात वापरात आलं, तेव्हा किंमत त्याहून जास्त होती. प्रोटोटाइपचा खर्च आणि प्रॉडक्टची किंमत यात असं अंतर पडतंच. चाचण्या, प्रमाणपत्रं, दर्जा तपासणी, वाहतूक, दुरुस्ती हे सगळं मधे येतं. कॉलेजच्या रिपोर्टमध्ये फक्त सुट्या भागांची बेरीज करून 'आमचं मशीन बाजारभावापेक्षा ८० टक्के स्वस्त' असं लिहिताना हे लक्षात ठेवायला हवं.

चाचणी घेताना काय सांभाळायचं?

ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांचं नाव या संदर्भात नेहमी घेतलं जातं. धूळ साठवायला पिशवी न लागणारा व्हॅक्यूम क्लीनर बनवण्यासाठी त्यांनी ५,१२७ प्रोटोटाइप केले. हा आकडा चिकाटीचं उदाहरण म्हणून सांगितला जातो. पण त्यामागची पद्धत जास्त उपयोगी आहे: एका वेळी एकच बदल.

मोटर बदलली, पंख्याची पाती बदलली आणि बॅटरीही बदलली, आणि मशीन चांगलं चाललं, तर ते कशामुळे चाललं? सांगता येत नाही. आणि पुढच्या वेळी बिघडलं, तर कशामुळे बिघडलं हेही सांगता येत नाही.

विद्यार्थ्यांकडे पाच हजार नमुन्यांएवढा वेळ नसतो. एका सेमिस्टरमध्ये चार-पाच आवृत्त्या झाल्या तरी पुष्कळ. म्हणूनच प्रत्येक आवृत्तीतून काहीतरी पक्कं हाती लागलं पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी उपयोगी पडतात.

पहिली, निकाल काय आला तर 'जमलं' म्हणायचं, हे चाचणीच्या आधी लिहायचं. नंतर लिहिलं की जे आलं त्यालाच यश म्हणण्याचा मोह होतो.

दुसरी, सगळ्यात जास्त शंका असलेला भाग सगळ्यात आधी तपासायचा. रंग, लोगो, अॅपची स्क्रीन हे शेवटी.

तिसरी, वापरणाऱ्याला 'आवडलं का?' असं विचारायचं नाही. पाहुण्यांसमोर ठेवलेल्या पोह्यांना कुणी नाव ठेवत नाही, तसंच कॉलेजच्या मुलांना कुणी 'नाही आवडलं' म्हणत नाही. वस्तू हातात द्यायची, गप्प बसायचं, आणि माणूस कुठे अडतो ते पाहायचं.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. प्रोजेक्ट आरोग्याशी संबंधित असेल तर रुग्णांवर किंवा बाळांवर परस्पर प्रयोग करता येत नाहीत. त्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि भारतात वैद्यकीय उपकरणांना 'मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७' लागू होतात. साध्या मुलाखतीसाठीसुद्धा समोरच्याची संमती घेणं, आणि फोटो काढण्याआधी विचारणं गरजेचं आहे.

नोंदवहीत नक्की काय लिहायचं?

बहुतेक ठिकाणी रिपोर्ट सगळ्यात शेवटी लिहिला जातो. मार्चमध्ये बसून ऑगस्टमध्ये काय केलं ते आठवायचं. मग रिपोर्टमध्ये सगळं सरळ रेषेत झाल्यासारखं दिसतं: समस्या, उपाय, डिझाइन, निकाल, यश. मधले फसलेले प्रयत्न गायब होतात.

पण प्रोजेक्टमधली खरी कमाई त्याच प्रयत्नांमध्ये असते. जे चाललं, ते समोर ठेवलेल्या वस्तूत दिसतंच. जे चाललं नाही आणि का चाललं नाही, ते लिहिलं नाही तर कुठेच उरत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजातला गट कांदाचाळीत दमटपणा वाढला की शेतकऱ्याला सावध करणारं यंत्र बनवतो आहे. त्यांच्या वहीतलं एक पान असं असू शकतं:

तारीख: १४ ऑगस्ट. आवृत्ती: ३.

प्रश्न: चाळीच्या मध्यभागी एकच सेन्सर पुरेल का?

अपेक्षा: वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरातल्या आर्द्रतेत ५ टक्क्यांपेक्षा कमी फरक असेल तर एक सेन्सर पुरेल.

काय केलं: तिन्ही थरांत एकेक सेन्सर ठेवला. दोन दिवस, दर अर्ध्या तासाने नोंद.

काय झालं: रात्री तळाची आर्द्रता वरच्यापेक्षा ११ टक्क्यांनी जास्त. दुसऱ्या दिवशी दुपारी मधला सेन्सर बंद. वायर उंदराने कुरतडलेली.

शंका: तिन्ही सेन्सर आधी एकाच जागी ठेवून तपासले नव्हते. फरक हवेतला नसून सेन्सरमधला असू शकतो.

शेतकऱ्याचं म्हणणं: मोबाइलवर मेसेज नको, रात्री कोण बघतंय? चाळीबाहेर लाल दिवा लावा.

पुढे काय: तिन्ही सेन्सर एका रात्रीसाठी एकत्र ठेवायचे. ते जुळले तरच वरचा निष्कर्ष धरायचा. वायर पाइपातून न्यायची.

हे लिहायला दहा मिनिटं लागतात. पण यात प्रश्न आहे, आधी ठरवलेला निकष आहे, खरी आकडेवारी आहे, स्वतःच्या चुकीची कबुली आहे आणि पुढचं पाऊल आहे. 'उंदराने वायर कुरतडली' ही ओळ फायनल रिपोर्टमध्ये कदाचित विनोदी वाटेल. पण पुढच्या वर्षी हेच काम दुसऱ्या गटाने हाती घेतलं, तर त्या एका ओळीने त्यांचा एक आठवडा वाचेल.

नोंदी ठेवताना काही साध्या सवयी लावून घेता येतात.

• त्याच दिवशी लिहायचं. दुसऱ्या दिवशी आकडे 'साधारण' होतात.

• खाडाखोड न करता चुकीच्या ओळीवर एक रेघ मारायची. आधी काय वाटलं होतं, हेही वाचता आलं पाहिजे.

• फोटोत मोजपट्टी किंवा ओळखीची वस्तू ठेवायची, म्हणजे आकार कळतो.

• फाइलचं नाव 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' असं न देता तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक द्यायचा.

• निर्णय कुणी आणि का घेतला, ते लिहायचं. 'ॲल्युमिनिअम वापरलं' यापेक्षा 'लोखंड वजनाला जड झालं, म्हणून ॲल्युमिनिअम' हे उपयोगी.

• व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे नोंदवही नव्हे. फोन बदलला, ग्रुप सोडला की निम्मा प्रोजेक्ट गेला.

टीमच बदलते तेव्हा काय होतं?

नोंदींचं खरं मोल कळतं ते लांब चालणाऱ्या प्रोजेक्टमध्ये. महाराष्ट्रातच याची दोन मोठी उदाहरणं आहेत.

पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही सी-३४ या रॉकेटमधून अवकाशात गेला. त्या उड्डाणात एकूण २० उपग्रह होते. 'स्वयम्'चं वजन सुमारे १ किलो. त्याची दिशा स्थिर ठेवण्यासाठी चुंबकाचा वापर केला होता. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानुसार वळते, तसाच हा उपग्रह वीज खर्च न करता आपली दिशा धरू शकेल, अशी ती कल्पना होती.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, २६ सप्टेंबर २०१६ रोजी, आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' हा सुमारे १० किलोचा उपग्रह पीएसएलव्ही सी-३५ मधून गेला. वातावरणाच्या वरच्या थरातल्या, म्हणजे आयनांबरातल्या इलेक्ट्रॉनचं प्रमाण मोजणं हा त्याचा उद्देश होता.

'स्वयम्'चं काम २००८ च्या सुमारास सुरू झालं होतं, 'प्रथम'चं २००७ च्या सुमारास. म्हणजे दोन्ही प्रोजेक्ट आठ-नऊ वर्षं चालले. इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षांची. साहजिकच ज्यांनी पहिली आकृती काढली, ते उड्डाणाच्या कितीतरी आधी पास होऊन बाहेर पडले होते. आणि ज्यांनी शेवटचे स्क्रू पिळले, ते पहिल्या बैठकीच्या वेळी शाळेत होते.

अशा प्रोजेक्टमध्ये एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे काय जातं? अर्धवट तयार हार्डवेअर आणि कागद. हा कॅपॅसिटर इथे का बसवला, ही बॅटरी का नाकारली, ही चाचणी कोणत्या तापमानाला घेतली, याचं उत्तर लिहिलेलं नसेल तर नव्या मुलांपुढे दोनच पर्याय उरतात. आधीच्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा, किंवा सगळं पुन्हा करायचं. उपग्रहाच्या बाबतीत दोन्ही महागात पडतात, कारण तो एकदा वर गेला की दुरुस्तीला खाली आणता येत नाही.

कॉलेजांच्या स्पर्धांमध्येही हे दिसतं. 'बाहा' स्पर्धेत विद्यार्थी खडकाळ रस्त्यावर चालणारी गाडी बनवतात. तिथे गाडी किती टिकते याचे गुण असतातच, पण डिझाइनचे निर्णय परीक्षकांसमोर पटवून देण्याचे आणि खर्चाचा हिशेब मांडण्याचेही स्वतंत्र गुण असतात. गाडी पळाली तरी 'ही जाडी का निवडली?' याचं उत्तर नसेल तर गुण जातात.

पाबळचा धडा काय आहे?

नोंद ठेवणं म्हणजे फक्त परीक्षेसाठीची कागदपत्रं नाहीत, हे पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावाकडे पाहिलं की कळतं.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणं हा त्याचा पाया. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 'फॅब लॅब' ही कल्पना आकाराला आली तेव्हा एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये इथे उभी राहिली. फॅब लॅब म्हणजे लेझर कटर, छोटी कातकाम यंत्रं, इलेक्ट्रॉनिक्सची साधनं अशी सामान्य माणसालाही वापरता येईल अशी कार्यशाळा.

आज जगभर पसरलेल्या फॅब लॅबच्या सनदेत वापरणाऱ्याची एक जबाबदारी म्हणून नोंदी लिहिण्यात आणि इतरांना शिकवण्यात हातभार लावणं सांगितलं आहे. त्यांच्या 'फॅब अकॅडमी' या कोर्समध्ये विद्यार्थी दर आठवड्याला केलेलं काम, चुकांसकट, स्वतःच्या पानावर मांडतात आणि मूल्यमापनही त्यावरच होतं.

यामागचा विचार सरळ आहे. एका गावात बनलेली वस्तू दुसऱ्या गावात बनवता आली पाहिजे. ती बनवणारा माणूस सोबत जाऊ शकत नाही. नोंद जाऊ शकते.

रील टाकण्याआधी काय तपासायचं?

इथे एक सावधानता. सगळं लगेच सगळ्यांना दाखवायचं असंही नाही.

प्रोटोटाइप चालला की पहिली इच्छा असते ती रील टाकण्याची. पण तुमच्या कल्पनेत पेटंट घेण्यासारखं काही असेल तर आधी थांबा. भारतीय पेटंट कायदा, १९७० नुसार शोध 'नवा' असावा लागतो. अर्ज करण्याआधी तुम्ही स्वतःच तो जाहीरपणे उघड केला, तर तो नवा राहत नाही आणि पेटंट नाकारलं जाऊ शकतं. अधिसूचित प्रदर्शनं किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध असे काही मोजके अपवाद कायद्यात आहेत. इन्स्टाग्राम त्यात येत नाही.

यावर एक मार्ग आहे तात्पुरत्या, म्हणजे 'प्रोव्हिजनल' अर्जाचा. काम अपुरं असतानाही तो करता येतो. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो. पेटंट मिळालं तर ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं टिकतं. मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत आहे. वस्तूचं फक्त रूप नवं असेल, तर डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी होते. ती १० वर्षांसाठी असते आणि आणखी ५ वर्षं वाढवता येते.

भारतात जो आधी अर्ज करतो त्याला प्राधान्य मिळतं. त्यामुळे 'माझ्या वहीत आधीची तारीख आहे' एवढ्यावर शर्यत जिंकता येत नाही. तरीही वही कामाची असते. अर्जात शोधाचा तपशील लिहायचा असतो, तो तिथूनच येतो. आणि चौघांच्या गटात नेमकी कल्पना कुणाची, हा वाद निर्माण झाला तर तारीख आणि सही असलेलं पान उपयोगी पडतं.

सुरुवात कुठून करायची?

शाळकरी मुलांसाठी केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर मानक' योजनेत निवड झालेल्या कल्पनेला प्रोटोटाइप आणि सादरीकरणासाठी १०,००० रुपये मिळतात. अनेक शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब आहेत. पण पहिल्या प्रोटोटाइपला पुठ्ठा, कात्री, चिकटपट्टी आणि शंभर पानी वही एवढंही पुरतं.

मग तयार प्रोजेक्ट विकत घेतला तर?

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हा पर्याय माहीत असतो. शहरात कुठेतरी तयार प्रोजेक्ट मिळतो. मशीन, कोड, छापलेला रिपोर्ट, सगळं एका पॅकेजमध्ये. पुस्तकाला सोनेरी अक्षरांचं कव्हरही असतं.

त्या पॅकेजमध्ये एकच गोष्ट नसते: फसलेली आवृत्ती. तिसऱ्या चाचणीत काय बिघडलं, एखाद्या आईने किंवा शेतकऱ्याने काय सांगितलं आणि त्यामुळे काय बदललं, हे विकत मिळत नाही.

तोंडी परीक्षेत आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत प्रोजेक्टबद्दल बहुतेकदा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो: 'हे असंच का केलं?' ज्याने वस्तू बनवली आणि बनवताना लिहून ठेवलं, त्याच्याकडे उत्तर असतं. मशीन परीक्षेच्या दिवशी ऐनवेळी बंद पडलं, तरीही असतं.